चौकोनी काठाचे वाडगे : कातीव काष्ठकलेचे तंत्र आणि अर्थकारण

भारतातील हस्तव्यवसायांचा विचार करताना हातमाग, कुंभारकाम, धातुकाम किंवा भरतकाम यांची नावे चटकन डोळ्यांसमोर येतात. लेथवर लाकूड फिरवून त्याला आकार देणारा कातारी मात्र या यादीत बहुधा मागे राहतो. कर्नाटकातील चन्नपट्टण, आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका, उत्तर प्रदेशातील वाराणसी, मध्य प्रदेशातील बुधनी, गुजरातमधील संखेडा आणि महाराष्ट्रातील सावंतवाडी ही या कलेची प्रसिद्ध केंद्रे आहेत. पोळपाट-लाटणे, पाळण्याचे खूर, कुंकवाचे करंडे, भोवरे, पटावरील सोंगट्या अशा नित्याच्या वस्तूंपासून शोभेच्या वाडग्यांपर्यंत अनेक वस्तू या केंद्रांतून देशभर आणि परदेशात जातात.

या कलेचे तंत्र आणि तिचे अर्थकारण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. लाकडाचा एक ठोकळा वाडग्याचे रूप घेतो, तेव्हा वनउपज, कौशल्य, वीज, कर, गुणवत्तेची मानके, बाजारपेठ आणि बौद्धिक संपदा हे सारे घटक त्या एका वस्तूत एकत्र येतात. त्यामुळे मूल्यवृद्धी, माहितीची विषमता किंवा उत्पादकता या पाठ्यपुस्तकी संकल्पना समजून घेण्यासाठी लेथवर घडणारे चौकोनी काठाचे वाडगे हे एक उपयुक्त उदाहरण ठरते.

कातीव कामाचे स्वरूप

सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार फिरते. कातीव कामात याच्या उलट घडते. येथे लाकूड आपल्या अक्षाभोवती फिरते, आणि कारागीर एका पट्टीच्या आधाराने हत्यार स्थिर धरून ते पुढे सरकवितो. पूर्वी धनुकलीच्या किंवा दोरीच्या साहाय्याने लाकूड मागेपुढे फिरविले जाई. विजेच्या मोटारीमुळे ते एकाच दिशेने अखंड फिरू लागले आणि उत्पादनाचा वेग वाढला; परंतु आकाराचा निर्णय आजही कारागिराच्या मनगटाकडेच आहे.

या कामाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात लाकडाचा दांडका दोन्ही टोकांना धरून फिरवितात. लाटणी, खांब, बाहुल्या या वस्तू अशा प्रकारे घडतात. दुसऱ्या प्रकारात लाकूड एकाच बाजूने चकात किंवा फेसप्लेटवर पकडले जाते आणि मोकळ्या बाजूने ते आतून कोरता येते. वाडगे, ताटल्या व डबे या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

लेथवर घडणारी प्रत्येक वस्तू गोलच असणार, असा सर्वसाधारण समज आहे. चौकोनी काठाचे वाडगे या समजाला छेद देते. यात मधला खोलगट भाग पूर्ण गोल असतो. परंतु भोवतालचा काठ मूळ ठोकळ्याप्रमाणे चौकोनीच ठेवला जातो आणि त्याचे चार कोपरे पंखांसारखे बाहेर झेपावतात. पाश्चात्त्य देशांतील काष्ठकलाकारांमध्ये हा प्रकार चांगला रुजलेला आहे. लाखेच्या रंगकामात मुरलेल्या भारतीय कारागिरांना उत्पादनात विविधता आणण्याच्या दृष्टीने तो विचारात घेण्यासारखा आहे.

लाकूड आणि लाख : कच्च्या मालाची साखळी

चन्नपट्टण, एटिकोप्पाका आणि बुधनी या एकमेकांपासून दूर असलेल्या केंद्रांत एकच झाड प्रामुख्याने वापरले जाते, ही बाब लक्षणीय आहे. मराठीत त्याला काळा कुडा म्हणतात. कन्नडमध्ये ते ‘आले’, तेलुगूत ‘अंकुडु’ आणि हिंदीत ‘दूधी’ या नावांनी ओळखले जाते. ‘राइटिया टिंक्टोरिया’ हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याचे लाकूड पांढरट, बारीक व एकसारख्या पोताचे असते. हत्याराखाली ते सहज कापले जाते आणि त्यावर लाखेचा रंग खुलून दिसतो. मात्र हे झाड लहान चणीचे असल्याने त्यातून रुंद फळ्या मिळत नाहीत. परिणामी, मोठ्या वाडग्यांसाठी दुसरे लाकूड निवडावे लागते किंवा पट्ट्या जोडून ठोकळा तयार करावा लागतो.

ओले लाकूड वाळताना आक्रसते. पण सर्व दिशांना सारख्या प्रमाणात नव्हे. वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेने होणारे आकुंचन हे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या आकुंचनापेक्षा साधारण दुप्पट असते. ओल्या लाकडाचे वाडगे काही दिवसांत लंबगोल होते, ते यामुळेच. म्हणून लाकूड आधी वाळवून घेतले जाते. अन्यथा वाडगे प्रथम जाड कातून महिनोन् महिने ठेवले जाते आणि नंतर पुन्हा कातले जाते. ज्याच्याकडे खेळते भांडवल नाही, अशा कारागिराला ही प्रतीक्षा परवडत नाही. तो अर्धवट वाळलेले लाकूड वापरतो आणि वस्तूला पुढे तडा जातो. वरकरणी कौशल्याचा दिसणारा दोष मुळात पतपुरवठ्याचा असतो.

दुसरा कच्चा माल म्हणजे लाख. पळस, बोर आणि कुसुम या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारे सूक्ष्म कीटक ही राळ स्रवतात. पळस व बोरीवरील लाखेला ‘रंगिनी’, तर कुसुमावरील लाखेला ‘कुसुमी’ म्हणतात. झारखंड व छत्तीसगड ही लाखेच्या उत्पादनातील आघाडीची राज्ये असून तेथील आदिवासी कुटुंबांना लाखेपासून रोख उत्पन्न मिळते. २००६ च्या वन हक्क कायद्यातील गौण वनउपजाच्या व्याख्येत लाखेचा समावेश आहे. तसेच गौण वनउपजासाठी २०१३-१४ पासून सुरू झालेल्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेतही ती अंतर्भूत आहे. लाखेवरील संशोधनासाठी रांची येथे १९२४ मध्ये संस्था स्थापन झाली. आज ती राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने भारतीय कृषी संशोधन परिषदेअंतर्गत कार्यरत आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेपासून बनत. व्हिनाइलच्या आगमनानंतर ती मोठी बाजारपेठ संपुष्टात आली. एका तांत्रिक बदलाचा फटका दूरच्या जंगलातील संग्राहकाला कसा बसतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्यामुळे कातीव कामातील लाखेची मागणी टिकणे हा केवळ कलेचा प्रश्न नाही. तो वनाधारित उपजीविकेचाही प्रश्न आहे.

वाडगे कसे घडते?

प्रथम वाळलेल्या, चिरा नसलेल्या लाकडाचा अचूक चौरस ठोकळा तयार केला जातो. त्याचे दोन कर्ण आखले, की ते जेथे छेदतात तो मध्यबिंदू मिळतो. हा बिंदू थोडा जरी चुकला, तरी एक पंख लांब आणि समोरचा आखूड होतो, आणि फिरताना ठोकळा थरथरू लागतो. गोल वाडग्यात असा दोष पहिल्या कातणीतच निघून जातो. चौकोनी वाडग्यात तो शेवटपर्यंत दिसत राहतो.

त्यानंतर ठोकळ्याची वरची बाजू लेथवर पकडून खालची बाजू आधी कातली जाते. तेथे चकात धरण्यासाठी एक छोटी गोल खुंटी ठेवली जाते आणि पंखांचा खालचा उतार काढला जातो. मग ठोकळा उलटवून खुंटीच्या आधारे पकडतात आणि वरची बाजू घडवितात. येथे कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी पंख पूर्ण करायचे आणि मगच मधला भाग कोरायचा. मधले लाकूड शाबूत असेपर्यंत पंखांना भक्कम आधार मिळतो. तो भाग आधी कोरला, तर पातळ पंख हत्याराच्या दाबाने कंप पावतात, जाडी असमान होते आणि प्रसंगी पंख तुटून उडतो.

वाडग्याची पोकळी पन्हळीच्या आकाराच्या पटाशीने काठाकडून मध्याकडे नेत कोरली जाते. शेवटी वाडगे पुन्हा उलटवून खुंटी काढली जाते. पॉलिश पेपरने घासताना मधला गोल भाग फिरत्या लेथवर घासता येतो. पंख मात्र लेथ पूर्ण थांबवून, ठोकळ्यावर कागद गुंडाळून हाताने घासावे लागतात.

यानंतर लाखेचे काम येते. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसला लाख वितळते आणि तेवढी उष्णता घर्षणातून सहज निर्माण होते. त्यानंतर केवड्याचे पान दाबून हा थर सारखा पसरविला जातो आणि त्याला चकाकी आणली जाते. ही क्रिया अखंड गोल पृष्ठभागावरच साधते. चौकोनी पंखांवर कांडी टेकविली तर ती कोपऱ्यांवर आपटून तुटेल. म्हणून पंखांचे लाकूड नैसर्गिक ठेवावे लागते किंवा स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख त्यावर हाताने लावावी लागते. मधोमध रंगीत वर्तुळ आणि भोवती पांढरट लाकडाचा चौकोन, ही या वाडग्याची शोभा तंत्राच्या या मर्यादेतूनच जन्माला येते.

चार कोपऱ्यांचे गणित

कुड्याच्या लाकडाच्या मर्यादेत बसेल असा १२ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आणि ४ सेंटिमीटर जाडीचा ठोकळा घेऊ. त्याचे घनफळ ५७६ घन सेंटिमीटर होते. गोल वाडग्यासाठी त्याचे कोपरे छाटले, तर सुमारे ४५२ घन सेंटिमीटर लाकूड उरते. म्हणजे कातण्यास सुरुवात करण्यापूर्वीच सुमारे २१.५ टक्के लाकूड जळणात जाते. चौरस आणि त्यात बसणारे वर्तुळ यांच्या क्षेत्रफळांतील हा फरक ठोकळा लहान असो वा मोठा, कायम राहतो. चौकोनी काठाच्या वाडग्यात हेच कोपरे वस्तूचे सौंदर्य बनतात. टाकाऊ भागाचे मूल्यात रूपांतर होण्याचे हे सरळ उदाहरण आहे.

परंतु या लाभाची किंमत जोखमीच्या रूपाने मोजावी लागते. कोपरा मध्यापासून सुमारे ८.५ सेंटिमीटर, तर बाजूचा मध्यबिंदू ६ सेंटिमीटर अंतरावर असतो. लेथ मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर कोपऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १३.३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४८ किलोमीटर होतो. प्रत्येक फेऱ्यात हत्यारासमोरून चार कोपरे जातात. म्हणजे हत्याराला सेकंदाला शंभर वेळा लाकडाचा आघात आणि शंभर वेळा मोकळी हवा मिळते. या वेगात कोपरे डोळ्यांना स्पष्ट दिसत नाहीत. त्यांची केवळ एक धूसर सावली जाणवते. त्या सावलीत बोट गेले, तर ते बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

म्हणूनच लेथ सुरू करण्यापूर्वी ठोकळा हाताने फिरवून तो कोठे अडत नाही ना हे पाहणे, हाताची बोटे आधारपट्टीच्या अलीकडेच ठेवणे, सैल बाह्या आणि ओढण्या बांधून घेणे व चेहऱ्यावर संरक्षक पडदा वापरणे हे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात. लाकडाची धूळ हाही गंभीर धोका आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला आहे. घराच्या पडवीत लेथ चालतो तेव्हा ही धूळ कारागिरासोबत त्याचे सारे कुटुंब श्वासातून घेते. घरगुती उद्योगाच्या कमी खर्चात आरोग्याची ही किंमत धरलेली नसते. कुटुंबाने सोसलेली ही किंमत वस्तूच्या भावात उतरत नाही.

यंत्र असूनही हस्तकला

विजेवर चालणाऱ्या लेथवर घडलेली वस्तू हस्तकलेत गणावी काय? हा प्रश्न करआकारणीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे. लाकडी सामानासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दोन कसोट्या घालून दिल्या. पहिली, वस्तू प्रामुख्याने हाताने बनलेली असावी. काही प्रमाणात यंत्राचा वापर झाल्यास हरकत नाही. दुसरी, तिच्यात सजावटीमुळे दृश्य सौंदर्य आलेले असावे आणि ही सजावट नाममात्र नसावी. जुलै २०१८ मध्ये वस्तू व सेवा कराच्या संदर्भात हस्तकलेची जी व्याख्या अधिसूचित करण्यात आली, तीही याच धर्तीची आहे. साचा लावून हजारो एकसारखे नग काढणारे स्वयंचलित यंत्र आणि कारागिराच्या मनगटावर चालणारा लेथ यांतील भेद या कसोट्यांमुळे स्पष्ट होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा १२ टक्क्यांचा टप्पा बंद झाला आणि हस्तकलेच्या बहुतांश वस्तू ५ टक्के दरात आल्या. कर कमी झाल्याने ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळते. त्यातील किती लाभ कारागिरापर्यंत पोहोचतो, हे मात्र साखळीतील त्याच्या सौदाशक्तीवर अवलंबून राहते.

मूल्यवृद्धी आणि कारागिराचा वाटा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका वाडग्यासाठी लाकूड, लाख व वीज मिळून कारागिराला ६० रुपये खर्च आला आणि त्याने ते व्यापाऱ्याला १६० रुपयांना विकले. कारागिराच्या स्तरावरील मूल्यवृद्धी १०० रुपये झाली. व्यापाऱ्याने वेष्टन व वाहतुकीवर ४० रुपये खर्च करून ते शहरातील दुकानात ४०० रुपयांना विकले, तर त्याच्या स्तरावरील मूल्यवृद्धी २०० रुपये झाली. राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते ती ही मूल्यवृद्धी. प्रत्येक टप्प्यावरील संपूर्ण विक्री किंमत मोजली, तर तेच लाकूड पुनःपुन्हा मोजले जाईल.

या उदाहरणात अंतिम किमतीचा केवळ चौथा हिस्सा कारागिराची मूल्यवृद्धी आहे, आणि त्यातूनच हत्यारांची झीज, बिघडलेले नग व स्वतःची मजुरी भागवायची आहे. चौकोनी वाडग्यात बिघडणाऱ्या नगांचे प्रमाण साहजिकच अधिक राहते. भाव नगावर ठरतो, वेळेवर नाही. त्यामुळे नव्या आकाराची सारी जोखीम कारागिराच्या अंगावर येते. त्याने आयुष्यभर तोच भोवरा आणि तीच बाहुली घडवीत राहणे, हा त्याच्या दृष्टीने आर्थिकदृष्ट्या पूर्णपणे तर्कसंगत निर्णय असतो. त्याला परंपराप्रिय ठरविण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नवा नमुना हवा असेल, तर तो शिकण्याच्या काळातील नुकसान कोण सोसणार, याचे उत्तर सहकारी संस्थेने, खरेदीदाराने किंवा शासनाने द्यावयास हवे.

माहितीची विषमता आणि भौगोलिक मानांकन

बाजारात दोन वाडगी शेजारी ठेवलेली आहेत. एक कुड्याचे, नैसर्गिक रंगाच्या लाखेने सजविलेले. दुसरे हलक्या लाकडाचे, कृत्रिम रंग फासलेले. विक्रेत्याला फरक ठाऊक असतो, ग्राहकाला तो दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की अशा स्थितीत ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो आणि उत्तम माल हळूहळू बाजारातून बाहेर फेकला जातो. हस्तकलेच्या बाजारात याचा प्रत्यय नित्य येतो.

भौगोलिक मानांकन हा या समस्येवरचा एक उपाय आहे. यासंबंधीचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याची नोंदणी चेन्नई येथे होते आणि ती दहा वर्षांसाठी असून नूतनीकरणक्षम असते. चन्नपट्टणच्या खेळण्यांना व बाहुल्यांना २००५-०६ मध्ये, तर एटिकोप्पाकाच्या खेळण्यांना २०१७ मध्ये असे मानांकन मिळाले. पेटंट हा शोधकर्त्याचा मुदतबंद हक्क असतो. भौगोलिक मानांकन हा एका प्रदेशातील उत्पादकांचा सामूहिक हक्क आहे. म्हणूनच त्यात ‘फुकट्या लाभार्थ्या’ची समस्या उद्भवते. नावाचा लाभ सर्वांना मिळतो, परंतु दर्जा सांभाळण्याचा खर्च कोणी करावयाचा, हे ठरत नाही. शिवाय मूळ नोंदणी झाली म्हणजे प्रत्येक कारागिराला आपोआप ते चिन्ह वापरता येते असे नाही. त्यासाठी त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

एटिकोप्पाकाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. वराह नदीच्या काठी, आताच्या अनकापल्ली जिल्ह्यातील या गावात कृत्रिम रंगांचा शिरकाव झाला होता. सी. व्ही. राजू यांनी कारागिरांच्या साथीने हळद, नीळ, शेंदरी यांसारख्या वनस्पतिज रंगांची पद्धत पुन्हा विकसित केली. या कार्यासाठी त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आंध्र प्रदेशचा चित्ररथ याच खेळण्यांवर आधारित होता. नैसर्गिक रंगांमुळे वस्तूला वेगळी ओळख मिळाली आणि ती लहान मुलांच्या हाती देण्यास सुरक्षितही ठरली.

मानके, आयात आणि लहान उत्पादक

२००७ मध्ये चीनमध्ये तयार झालेली लाखो खेळणी रंगातील शिशामुळे जगभरातून परत मागवावी लागली. त्यानंतर खेळण्यांच्या सुरक्षेकडे सर्वत्र अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. भारतात २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह अनिवार्य झाले. प्रत्येक नमुन्याची चाचणी करून घेणे छोट्या कारागिराला शक्य नव्हते. म्हणून विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणीकृत कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत मालक व अधिकृत वापरकर्त्यांच्या मालाला या आदेशातून सूट देण्यात आली. खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले.

या उपायांनी स्वस्त आयातीचा दबाव कमी होण्यास मदत झाली. तथापि सूट म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. ज्या दिवशी सवलतीत विकल्या गेलेल्या एखाद्या खेळण्यात घातक रंग सापडेल, त्या दिवशी संपूर्ण समूहाची पत पणाला लागेल. समूहाच्या स्तरावर सामाईक चाचणी केंद्र व सामाईक रंगनिर्मिती केंद्र उभारणे हा त्यावरचा टिकाऊ मार्ग आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक उद्योग पुनरुज्जीवन निधी योजनेत अशा सामाईक सुविधांची तरतूद आहे.

कौशल्याचा वारसा आणि पुढील वाट

कातीव काम पुस्तकातून येत नाही. हत्याराची धार लाकडाला कोणत्या कोनात भिडली म्हणजे आवाज कसा बदलतो, हे कानाला कळावे लागते. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडलेली ‘कृतीतून शिक्षण’ ही संकल्पना येथे शब्दशः लागू पडते. मात्र असे शिक्षण दीर्घ असते आणि त्या काळात उत्पन्न कमी असते. चन्नपट्टणच्या तरुणाला बंगळूरु आणि बिडदीच्या कारखान्यांतील नियमित पगार खुणावतो. कारखान्यांत उत्पादकता वाढते, तसे वेतन वाढते. वाडग्याला लागणारा वेळ मात्र फारसा घटत नाही. विल्यम बॉमोल यांनी वर्णन केलेला हा ‘खर्चाचा विकार’ आहे. हस्तकलेची किंमत इतर वस्तूंच्या तुलनेत वाढल्याशिवाय कारागिराला स्पर्धात्मक मजुरी मिळू शकत नाही, हा त्याचा अर्थ.

पायाभूत सुविधांचाही येथे अनपेक्षित परिणाम दिसतो. मार्च २०२३ मध्ये बंगळूरु-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. प्रवासाचा वेळ घटला. परंतु नवा मार्ग चन्नपट्टण शहराला वळसा घालून जातो. जुन्या रस्त्यावर थांबून खेळणी घेणारा प्रवासी कमी झाला आणि रस्त्याकडेच्या दुकानांना त्याची झळ बसली. एखाद्या प्रकल्पाचा एकूण लाभ मोठा असला, तरी त्याचा तोटा एका छोट्या गटावर एकवटू शकतो. अशा गटासाठी महामार्गावर विक्रीची जागा व दिशादर्शक फलक यांची तरतूद आराखड्यातच असावयास हवी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना या दृष्टीने महत्त्वाची आहे. १३,००० कोटी रुपये तरतुदीच्या या योजनेत १८ व्यवसायांचा समावेश असून प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि एक लाख व दोन लाख रुपये अशा दोन टप्प्यांत ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज दिले जाते. कातारी हा व्यवसाय या यादीत स्वतंत्रपणे नाही. सुतार किंवा पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनविणारा या गटांतून त्याला लाभ घ्यावा लागतो. हत्यारांच्या साहाय्यात धूळ शोषणारी व्यवस्था आणि संरक्षक पडदा यांचा, तर प्रशिक्षणात नव्या नमुन्यांचा अंतर्भाव झाल्यास ही मदत अधिक अर्थपूर्ण ठरेल.

कच्च्या मालाची काळजीही तितकीच आवश्यक आहे. कुडा तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतो. योग्य फेरपालट ठेवल्यास एकाच झाडापासून वारंवार लाकूड मिळू शकते. पडीक व बांधावरच्या जमिनीवर त्याची लागवड आणि वाहतूक परवान्यांची सुलभ पद्धत यांतून जंगलावरील ताण कमी करता येईल.

समारोप

चौकोनी काठाच्या वाडग्यात कोपरे राखले जातात, म्हणून ते गोल वाडग्यापेक्षा वेगळे दिसते. आणि ते राखण्यासाठी कारागिराला अधिक वेळ व अधिक धोका पत्करावा लागतो. या कलेच्या धोरणाचेही काहीसे असेच आहे. लाख गोळा करणारे आदिवासी कुटुंब, पडवीत धुळीत बसलेली मुले, मानांकनाच्या यादीत नाव नसलेला कारागीर आणि जुन्या रस्त्यावरचा दुकानदार हे या उद्योगाचे चार कोपरे आहेत. सोयीसाठी ते छाटून टाकले, तर निर्यातीचे आकडे कदाचित सुबक दिसतील. पण ज्यांच्या कौशल्यावर हा उद्योग उभा आहे, तेच त्यातून बाहेर पडतील. रास्त भाव, सुरक्षित कार्यस्थळ, वाळलेले लाकूड विकत घेता येईल एवढी पत आणि नवा नमुना करून पाहण्याची मुभा या चार गोष्टी कातारीला मिळाल्या, तर लेथवर बसण्यासाठी पुढची पिढीही तयार होईल.